चाचणी मोजली, अहवालाची वाट मोजली नाही

महोदय,

साथीच्या काळातील सरसकट चाचण्यांवरचा कालच्या अंकातला लेख दोनदा वाचला आणि रात्री झोप लागली नाही. सगळ्यांची चाचणी केली की साथ आटोक्यात येते हे संगणकाने सिद्ध केले, असा मथळा देण्याआधी आपण लेखकाला एवढे तरी विचारायचे, की संगणकातल्या त्या माणसांना अहवाल कधी मिळतो? लेखाच्या चौथ्या परिच्छेदात ओझरते लिहिले आहे की निदान त्याच दिवशी होते असे गृहीत धरले आहे. माझा सगळा राग त्या एका वाक्यावर आहे.

माझा स्वॅब सोमवारी सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी घेतला. अहवाल आला शनिवारी संध्याकाळी. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे, कारण त्यावर तीन वेळा छापलेल्या आहेत : नमुना घेतला ती, नमुना प्रयोगशाळेत पोहोचला ती आणि अहवाल दिला ती. पहिल्या दोन वेळांमध्ये दोन दिवसांचे अंतर आहे. म्हणजे तपासणीला हात लागण्याआधीच माझा नमुना दोन दिवस कुठेतरी पडून होता.

घरात मी आणि ७९ वर्षांचे वडील. मला ताप नव्हता, फक्त घसा खवखवत होता. मी दुसऱ्या खोलीत झोपत होते, भांडी वेगळी ठेवली होती. पण त्यांना इन्सुलिन मीच टोचते, डोळ्यांत थेंब मीच घालते, आणि ही कामे सहा फुटांवरून होत नाहीत. रोज सकाळी उठले की फोनवर तीच ओळ दिसायची, 'अहवाल प्रलंबित'. गुरुवारपर्यंत त्या ओळीचा मला धीर वाटू लागला होता. काही असते तर एव्हाना कळवले असते, असे मी वडिलांना म्हणाले आणि त्यांनाही ते पटले. शुक्रवारी मी त्यांच्या पलंगावर बसून त्यांना आपलाच अंक वाचून दाखवला, मास्क न लावता. शनिवारी अहवाल आला, पॉझिटिव्ह. मंगळवारी त्यांना ताप भरला. १७ दिवसांनी ते रुग्णालयातून घरी आले, पण तेव्हापासून जिना चढताना त्यांना मध्ये दोनदा बसावे लागते.

प्रयोगशाळेत रात्रंदिवस राबणाऱ्यांना मी बोल लावत नाही. बोल आहे तो हिशेबाला. लेखातल्या प्रारूपात, म्हणजे संगणकात मांडलेल्या साथीत, माझ्यासारखी बाई सोमवारी सापडली आणि सोमवारीच वेगळी झाली. प्रत्यक्षात ती शुक्रवारी वडिलांच्या पलंगावर बसली होती. लागण झालेला माणूस इतरांना रोग देतो ते दिवस मुळात थोडेच असतात, आणि त्यातले बरेचसे लक्षणे दिसण्याच्या आगेमागे येतात. अहवाल त्यानंतर आला तर ती चाचणी नोंदवहीत जमा होते, साथ थांबवायच्या कामी येत नाही.

मी सिम्युलेशनच्या विरोधात नाही, हे स्पष्ट लिहिते. लाखो माणसांवर प्रयोग करून पाहता येत नाही, म्हणून ते संगणकात करून पाहायचे, हे मला पटते. कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक या शास्त्रज्ञांनी १९२७ मध्ये साथीची समीकरणे मांडली, ती मुंबईतल्या १९०५-०६च्या प्लेगमधील मृत्यूंच्या नोंदींशी ताडून पाहिली, आणि आपली गृहीतके इथे काटेकोरपणे लागू होत नाहीत, हा ढोबळ अंदाज समजावा, असे तिथेच नमूदही केले. जवळपास शंभर वर्षांपूर्वीचा हा प्रामाणिकपणा कालच्या लेखात का नसावा? अहवालाला लागणारा वेळ प्रारूपात धरता येत नाही असेही नाही. लॅरेमोर आणि सहकाऱ्यांचा २०२१चा अभ्यास नेमका हेच सांगतो : चाचणी किती अचूक यापेक्षा ती किती वेळा होते आणि निकाल किती लवकर मिळतो याला जास्त महत्त्व आहे. हा अभ्यासही संगणकावरच झाला होता.

लेखात स्लोव्हाकियाचा दाखला आहे. तिथे २०२०च्या ऑक्टोबरअखेरीस दोन दिवसांत ३६ लाखांहून अधिक लोकांची चाचणी झाली, हे खरे. पण ती अँटिजेन चाचणी होती, म्हणजे विषाणूची प्रथिने शोधणारी झटपट चाचणी; निकाल जागच्या जागी थोड्या वेळात मिळत होता. चाचणी न करणाऱ्यांना घरात राहणे भाग होते, आणि इतर निर्बंधही चालू होते. त्यामुळे रुग्ण घटले त्यात चाचण्यांचा वाटा किती, हे नेमके वेगळे काढता येत नाही, असे ती आकडेवारी अभ्यासणाऱ्यांनीच म्हटले आहे. यातले एक अक्षर लेखात नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचेही तेच. तिथे विद्यार्थ्यांची आठवड्यातून दोनदा चाचणी होत होती. विद्यापीठाच्या प्रारूपात पार्ट्या धरल्या होत्या, पण पॉझिटिव्ह असल्याचे कळूनही काही जण पार्टीला जातील हे धरले नव्हते. सत्राच्या सुरुवातीलाच रुग्ण वाढले.

अनेकांचे नमुने एकत्र तपासून चाचण्या वाचवाव्यात, असेही लेखक सुचवतात. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट डॉर्फमन यांची ही १९४३ची युक्ती उत्तमच आहे. शंभरात एक बाधित असेल तर अकरा-अकराचे गट करून जवळजवळ ८० टक्के चाचण्या वाचतात. शंभरात दहा बाधित असतील तर गट चारचे करावे लागतात आणि बचत ४० टक्क्यांच्या आसपास येते. पण गट पॉझिटिव्ह आला की त्यातल्या प्रत्येकाचा नमुना पुन्हा तपासायचा, म्हणजे थांबायचे कोणी? ज्यांना सगळ्यात आधी कळायला हवे, त्या बाधितांनीच. निरोगी गट एका फेरीत मोकळे होतात आणि बाधितांची प्रतीक्षा दुप्पट होते. प्रारूपात प्रतीक्षा शून्य धरली की हा तोटा दिसतच नाही.

आणखी एक तक्रार, लिहिल्याशिवाय राहवत नाही. लेखासोबतच्या आलेखात उभ्या अक्षावर आकडेच नाहीत. ती रेघ हजारांत आहे की लाखांत, वाचकाने कसे ओळखायचे? शिवाय असे सिम्युलेशन शेकडो वेळा चालवतात आणि दर वेळी उत्तर थोडे वेगळे येते, म्हणून रेघेच्या दोन्ही बाजूंना पट्टा दाखवतात. आपण एकच ठळक रेघ छापली, तीही लाल रंगात. मागच्या महिन्यातल्या आलेखातही असेच झाले होते. तेव्हाही मी पत्र पाठवले होते, ते छापले गेले नाही.

माझ्या त्या अहवालाची प्रत, नाव झाकून, सोबत जोडत आहे. लेखकाने त्यावरच्या तीन वेळा आपल्या प्रारूपात घालून गणित पुन्हा करावे, आणि जो आलेख येईल तो आपण त्याच जागी, तेवढ्याच आकारात छापावा, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक