चि. मनूस

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर सहज बोलून गेलीस, "डोकं ठणकत होतं, पॅरासिटामॉलच्या दोन घेतल्या." किती मिलिग्रॅमच्या, हे मी विचारेपर्यंत लॅबमध्ये नमुना आला म्हणून तू फोन ठेवलास. त्यावर आज लिहायचं नाही असं ठरवलंय. लघवीतलं पॅरासिटामॉल कसं तपासायचं ते तू विचारलंस, तेवढंच लिहिते.

मशीनवरची पॅरासिटामॉलची तपासणी एन्झाइमची. अरिल अ‍ॅसिलअमिडेज हे एन्झाइम मूळ औषध तोडतं, पॅरा-अमिनोफेनॉल सुटतं, ते ऑर्थो-क्रेसॉलशी मिळून निळं होतं. पण लघवीत मूळ औषध शेकडा पाचांहून जास्त क्वचितच असतं. बाकीचं यकृताने ग्लुकुरोनाइड नाहीतर सल्फेट जोडून पाठवलेलं, त्याला हे एन्झाइम तोडत नाही. म्हणून संशय असेल तर मशीनच्या निगेटिव्हवर थांबू नकोस, हाताने बघ. अर्धा मिली लघवी, अर्धा मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, उकळत्या पाण्यात १० मिनिटं. गार झाल्यावर त्यातलं ०.२ मिली घे, त्यात १ टक्का ऑर्थो-क्रेसॉल १ मिली आणि ४ मोलर अमोनिया २ मिली. लगेच गर्द निळा. पहिलीत फ्रॉकवर शाई सांडून रडत आली होतीस, अगदी तोच निळा. आम्ल वाफ ओढून घेणाऱ्या हूडखालीच ओत, चष्मा लावून. लावतेस ना?

नमुन्यावर फेस असला की मशीनचा नमुना ओढणारा प्रोब त्यालाच पातळी समजतो, हवा ओढतो आणि आकडा खोटा कमी येतो. गढूळ लघवी आधी सेंट्रिफ्यूज कर, म्हणजे फिरवून गाळ खाली बसव. काविळीच्या लघवीला नमुन्याचा ब्लँक हवाच, म्हणजे तिचा स्वतःचा रंग वजा करता येतो. ॲनिलिन हे रंग-कारखान्यातलं रसायन अंगात गेलेल्या कामगाराचीही हाताची टेस्ट निळी येते, तेव्हा तो काय काम करतो ते विचारून घे.

पॉझिटिव्हचा अर्थ एवढाच, की औषध पोटात गेलंय. साध्या डोसनंतरही २४ ते ४८ तास निळं येतं. विषबाधा ठरते रक्तावरून, आणि तेही गोळ्या घेतल्यावर ४ तास उलटल्यावर. मिलीलिटरला १५० मायक्रोग्रॅम ही तिथली धोक्याची रेघ. डॉक्टरांना रक्त मागायला संकोचू नकोस. पहिल्या दिवशी पेशंट बोलत-चालत असतो, यकृत नंतर दगा देतं.

बघ, आलेच तिथे. साडेसहाशेच्या सहा गोळ्या म्हणजे ३९०० मिलिग्रॅम, दिवसाची हद्द ४०००. सर्दीच्या गोळीतही बहुधा तेच असतं. हे तुला मी शिकवावं असं नाही, चुकलं माझं. रात्रभर एकटीने मशीन सांभाळतेस, नाना शेजारीपाजारी सगळ्यांना सांगत असतात.

डबा वेळेवर खात जा. आणि पाकीट बघून कळव, कालच्या दोन पाचशेच्या की साडेसहाशेच्या?

तुझी,
आई