सकाळी रेस उतरते म्हणून स्क्रू फिरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडू लागली की जुन्या पेट्रोल गाड्यांची एक तक्रार गॅरेजात हमखास येते. सकाळचा पहिला सेल्फ मारला की इंजिन लागते, पण रेस चार-पाचशे आरपीएमपर्यंत उतरते, गाडी थरथरते, कधी बंद पडते. आणि हे रोज होत नाही. सध्या याचे खापर सरसकट ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर फुटते. थंडीत इथेनॉलची वाफ कमी होते हे खरे. पण दोष पेट्रोलचा असता तर ती टाकी संपेपर्यंत रोज सकाळी दिसला असता. अधूनमधून रुसणाऱ्या गाडीत आधी इंजिनात हवा जाण्याचा मार्ग तपासावा.

2000 ते 2010 मधल्या ऑल्टो, सँट्रो, वॅगन-आर यांसारख्या केबल थ्रॉटलच्या (अॅक्सिलरेटर तारेने हवेची झडप उघडतो अशा) बहुतेक गाड्यांत आयडलची, म्हणजे पाय न लावता इंजिन चालू राहण्यासाठी लागणारी, हवा एका छोट्या व्हॉल्व्हमधून जाते. थंड इंजिनाला 1200 ते 1500 आरपीएम लागतात, म्हणून हा व्हॉल्व्ह जास्त उघडावा लागतो. गरम झाल्यावर 800-900 पुरतात. इंजिनातली तेलकट वाफ थ्रॉटल बॉडीत (हवेची झडप असलेल्या नळीत) येऊन काजळी धरते. रात्रभरात ती चिकट होते आणि व्हॉल्व्ह कधी सुटतो, कधी अडकतो. वायरिंग शाबूत असल्याने चेक इंजिनचा दिवा बहुधा लागतच नाही.

गाडी रात्रभर थंड झालेली असतानाच तपासा. इंजिन लागल्यावर अॅक्सिलरेटर जेमतेम दाबून धरा. तेवढ्याने गाडी सुरळीत चालली आणि पाय काढताच पुन्हा पडली, तर हवा कमी पडते आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने व्हॉल्व्हवर हलके टकटक केल्यावर रेस चढली, तर निदान झालेच. दुसऱ्या सकाळी चावी ऑन करून तीन सेकंद थांबा, ऑफ करा. असे दोनदा करून मग सेल्फ मारा. एवढ्याने त्रास जात असेल तर रात्रीत पेट्रोलचा दाब उतरतो आहे. तेव्हा पंपाचा चेक व्हॉल्व्ह आणि ठिबकणारे इंजेक्टर बघा.

टेम्परेचर सेन्सर विसरू नये. थंड इंजिनावर स्कॅनर (गाडीला जोडून सेन्सरचे आकडे वाचणारे यंत्र) 60 अंश दाखवत असेल, तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गरम इंजिनाचा हिशेब धरून पेट्रोल आणि हवा दोन्ही कमी देतो. मल्टिमीटरवर सेन्सरचा रोध साधारण 20 अंशांना दोन ते तीन किलोओहम आणि 80 अंशांना तीनशे ओहमच्या आसपास यायला हवे. सेल्फ मारताना बॅटरी 9.6 व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा. व्हॅक्यूम पाईप फाटला की रेस उतरते, असे सर्रास सांगितले जाते. पण मॅप सेन्सरच्या (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या) गाडीत पाईप फाटला तर ती सहसा उलट वाढते.

सफाई घाईत करू नका. बॅटरीची निगेटिव्ह काढा, फडक्यावर थ्रॉटल क्लीनर घेऊन फुलपाखराची (थ्रॉटलच्या गोल झडपेची) कड आणि आयडलचे भोक पुसा. व्हॉल्व्ह क्लीनरमध्ये बुडवू नका, त्याचा दट्ट्या हाताने आत ढकलू नका, आतला गिअर तुटतो. ओ-रिंग कडक झाली असेल तर नवीन घाला. नंतर एसी बंद ठेवून, अॅक्सिलरेटरला पाय न लावता, रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत इंजिन चालू ठेवा. यातून ईसीयू आयडल नव्याने शिकतो; काही मॉडेलांत हे शिकवणे स्कॅनरनेच करावे लागते.

आता स्क्रूबद्दल. थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू आवळून रेस वाढवून देणे, हा पाच मिनिटांचा उपाय अनेक ठिकाणी केला जातो. काजळी आहे तिथेच राहते. फुलपाखरू उघडे राहिले की ईसीयूला पाय अॅक्सिलरेटरवर आहे असे वाटू शकते, आणि मग दुपारी सिग्नलला गाडी हजार-बाराशेवर घरघरत राहते. तो स्क्रू कारखान्यात बसवून रंगाचा ठिपका देऊन सोडलेला असतो. ठिपका तुटलेला दिसला तर व्हॉल्व्ह बदलण्याचा खर्च करण्याआधी तो स्क्रू मूळ जागी आणून घ्यावा.

आपला,
एक वाहनदुरुस्ती व्यावसायिक, पुणे