एका पडद्यावरची शर्यत

महोदय,

व्हिडिओ गेममुळे मुले एकलकोंडी होतात, असे सरसकट म्हटले जाते. ते मला मान्य नाही. निन्टेंडो या जपानी कंपनीच्या १९९२ मधील ‘सुपर मारिओ कार्ट’मध्ये दोघे मित्र शेजारी बसून एकाच विभागलेल्या पडद्यावर शर्यत खेळू शकत, आणि १९९६ च्या ‘मारिओ कार्ट ६४’मध्ये ही सोय चौघांसाठी झाली. मागे पडलेल्याला अधिक प्रभावी साधने मिळतात, तर त्यांतलेच ‘निळे कवच’ हे फेकायचे साधन आघाडीच्या गाडीचाच वेध घेते. त्यामुळे नवशिका आणि तरबेज खेळाडू (हे मला फार मोलाचे वाटते) अखेरपर्यंत एकत्र रंगतात. सुटीत मुलांचे मित्र घरी जमले, तर पालकांनी वेळ जरूर ठरवून द्यावी, परंतु हा खेळ बंद करू नये, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, ठाणे