आपल्या होमस्टेच्या नावाने दुसराच कोणी बुकिंग घेतोय

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यातली गोष्ट सांगते. सकाळी साडेसहाला गेटजवळ गाडी थांबली, इचलकरंजीची मंडळी, दोन लहान मुलं मागे झोपलेली, आणि ताई उतरून म्हणतात, वहिनी आमचं तीन दिवसांचं बुकिंग आहे. माझ्या वहीत त्या नावाचं काहीच नाही आणि तिन्ही रूम फुल. त्यांनी मोबाईल दाखवला तर फोटो आमच्याच पडवीचा, आमचंच तुळशीवृंदावन, बाजूला सुपात सासूबाईंनी वाळत घातलेली आमसुलं पण दिसतायत, आणि खाली नंबर मात्र भलत्याचाच. ८ हजार ॲडव्हान्स गेलेला. सासूबाई आतूनच म्हणाल्या, "आधी पाणी दी तेंका, मगे बोल काय ता." घावणे-चहा दिला, वाडीतच ओळखीच्यांकडे एक रूम मिळवून दिली, पण पहिली दहा मिनिटं त्या ताई आमच्याकडे ज्या नजरेने बघत होत्या ते काही केल्या मनातून जात नाही, कारण त्यांच्या दृष्टीने पैसे आम्हीच खाल्ले होते.

मग रात्री आम्ही सगळं नीट बघितलं. आमच्या पेजवर शेवटची पोस्ट २०१९ ची! त्या खोट्या पेजवर मात्र रोज नवीन फोटो, रोज ऑफर, विचारलं की दोन मिनिटात रिप्लाय. मग बाहेरगावचा माणूस कुठल्या पेजवर विश्वास ठेवणार? जे जिवंत दिसतं त्यावरच ना. आणि गुगल मॅपवर तर आमच्या दिरांचा जुना नंबर होता, ते सिम बंद करून किती वर्षं झाली. बंद केलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणालाही मिळू शकतो हे आम्हाला माहीतच नव्हतं, मी लावून बघितला तर जालन्याकडचे एक काका, बिचारे म्हणाले ताई मला सिझनमध्ये रोज चार-पाच फोन येतात रूम आहे का म्हणून, मी सांगून सांगून थकलो. म्हणजे तेवढी गिऱ्हाईकं आमच्या दारातून परत गेली आणि आम्ही म्हणतोय यंदा धंदा मंदा आहे.

आमच्या मालवण, तारकर्ली, देवबागकडे घराघरात असे दोन-तीन रूमचे होमस्टे आहेत आणि बहुतेकांचं हेच आहे. सुरुवातीला भाच्याने नाहीतर पुतण्याने हौसेने पेज काढून दिलं, तो मुंबईला नोकरीला गेला, पासवर्ड पण त्याच्याबरोबरच गेला. लोक म्हणतात आमचं तोंडोतोंडी चालतं, आमचं पण तसंच चालायचं, पण आता ज्याला ओळखीने आपलं नाव कळतं तो सुद्धा निघायच्या आधी मोबाईलवर एकदा बघतोच, आणि तिथे आपण नसलो तर आपल्या जागी कोण बसलंय ते आपल्याला कळत पण नाही.

मॅपवरच्या नोंदीला कोणी मालक म्हणून क्लेम केलं नसेल तर ते आधी करा. व्हिडीओ काढून व्हेरिफिकेशन मागतात, त्यात बोर्ड, रस्ता, आतल्या रूम दाखवाव्या लागतात, थोडी कटकट आहे पण पैसे पडत नाहीत. मॅपवर बदल कोणीही सुचवू शकतो, म्हणून महिन्यातून एकदा तरी आपला नंबर आपणच तपासायचा. निवास-न्याहारी योजनेची नोंदणी असेल तर सर्टिफिकेटचा फोटो टाका. आणि बँक खात्यावर जे नाव आहे ते पेजवर ठळक लिहा, कारण यूपीआयने पैसे पाठवताना समोरच्याचं बँकेतलं नाव दिसतं, पाहुण्याने ते जुळवून बघितलं तर तिथेच फसवणूक थांबेल. इचलकरंजीच्या ताईंना भलतंच नाव दिसलं होतं, त्यांना वाटलं मालकाचा मुलगा असेल.

अपडेट ठेवणं म्हणजे नुसते सुंदर सुंदर फोटो टाकणं नाही हो. मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि स्कुबा बंद असतं, तरी जुलैत लोक मुलांना घेऊन येतात आणि धक्क्यावरून हिरमुसून परत जातात. ते आधीच लिहून टाकायला आपल्याला किती वेळ लागतो? आम्ही आता लिहितो, गणपतीत पाच दिवस रूम बंद हे पण लिहितो.

रिव्ह्यूचं पण सांगते. एकाचा फोन आला, पैसे द्या, ५० फाइव्ह स्टार टाकून देतो. आम्ही नाही म्हटलं. खोटे रिव्ह्यू रोखायला सरकारने २०२२ मध्ये आयएस १९००० नावाचं मानक काढलंय, पण ते नसतं तरी नाहीच म्हटलं असतं. एका पाहुण्यांनी गरम पाणी मिळालं नाही म्हणून दोन स्टार दिले होते, खरंच होतं ते, पावसात सोलरचं पाणी कोमटच येतं. तसं कबूल करून लिहिलं की आता बंबावर तापवून देतो. नंतर पुण्याचे एक आजोबा आले ते म्हणाले, तो रिप्लाय वाचूनच तुमच्याकडे आलो.

माझी विनंती एवढीच की दिवाळीच्या सिझनआधी ग्रामपंचायतीने आणि इथल्या कॉलेजने मिळून अर्ध्या दिवसाचं शिबिर घ्यावं, पोरांनी एकेका होमस्टेवाल्याजवळ बसून त्याची नोंद त्याच्याच मोबाईलवर, त्याच्याच नावाने करून द्यावी आणि पासवर्ड त्याच्याच वहीत लिहून द्यावा. आपल्या पेपरने हा विषय लावून धरावा.

इचलकरंजीच्या ताईंनी आमच्या पडवीत बसूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तक्रार केली होती. मी दर पंधरा दिवसांनी त्यांना फोन करते, पैसे अजून आलेले नाहीत.

आपली नियमित वाचक,
एक होमस्टे चालक, ता. मालवण