लॅमिंग्टन रोडच्या साउंडवाल्या दादांना, एका पेन्सिल सेलबद्दल

दादा, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "बरं बरं, ठेवा आता" म्हणता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

गुड फ्रायडेला चार दिवस उरले होते. बारा ते तीनची उपासना, क्रूसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलणार, आणि भायखळ्याच्या आमच्या मराठी चर्चमध्ये मधल्या बाकांवर आवाज पोकळ. कडेला ठीक. तिसऱ्या बाकावरच्या मावशी नाताळपासून सांगत होत्या, "आवाज मोठा आहे रे, पण त्याला पोट नाही." आम्ही म्हटलं, मावशींचं वय झालं. बेस चढवला, तर कडेची मंडळी वैतागली. कमिटी नव्या साउंड मिक्सरचं कोटेशन मागवायला निघालेली.

तुम्ही आलात ते पिशवीत टेस्टर आणि पेन्सिल सेल घेऊन. मला दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध उभं केलंत, गाणं लावलंत आणि उजवा स्पीकर बंद केलात. आवाज भरला! दोघांपेक्षा एकटा जाड कसा वाजतो, मला कळेना. मग अ‍ॅम्प बंद करून स्पीकरच्या वायरी सोडवल्यात आणि 1.5 व्होल्टचा तो सेल दोन्ही वायरींना क्षणभर टेकवलात. डाव्या स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा पडदा, बाहेर आला, उजव्याचा आत गेला. एकाची लाल-काळी वायर उलट. एक हवा ढकलतोय, दुसरा ओढतोय, आणि मधल्या बाकावर दोघं एकदमच पोचून एकमेकांचा खर्ज खातात. वरचे सूर इंचभर डोकं हललं तरी निसटतात, म्हणून शब्द कळत होते, पोट तेवढं गायब.

पुलपिटावरचे दोन माइक हा वेगळाच आजार निघाला. तिथं मी शहाणपणा केला, "मिक्सरवरचं पोलॅरिटीचं, म्हणजे लाट उलटी करायचं, बटण दाबू?" "दाबा की." पोकळपणा गेला नाही, नुसती जागा बदलली. तुम्ही टेप काढून तोंडापासूनची अंतरं मोजलीत. फरक 34 सेंटिमीटर, म्हणजे एक मिलिसेकंद उशीर. 500 हर्ट्झला एका माइकची लाट वर तेव्हा दुसऱ्याची खाली. "बटण लाट उलटी करतं, उशीर भरून काढत नाही," म्हणालात आणि एक माइक उचलून माझ्या हातात दिलात. तोवर मी उलटी लाट आणि उशीर या दोन्ही गोष्टींना सरसकट "फेज गेलाय" म्हणत होतो.

आता खरी गोष्ट. नाताळाआधीच्या रंगकामानंतर त्या वायरी मीच परत जोडल्या होत्या. शिडीवर, घाईत, मोबाइलच्या उजेडात. टोकांना गुंडाळलेली निळी टेप तुम्ही पाहिलीत, मग माझ्या खिशातून डोकावणारं निळ्या टेपचं रीळ पाहिलंत. खाली कमिटी उभी. तुम्ही एवढंच म्हणालात, "वायर उलटी लागली होती. होतं असं." पैसे घेतले नाहीत, चहा घेतलात, तोही बिनसाखरेचा.

शुक्रवारी "मला तहान लागली आहे" हा पाचवा उद्गार आला तेव्हा मावशींनी मागं वळून माझ्याकडे बघत मान डोलावली. वायर कोणी जोडली होती ते त्यांना मी कालच जाऊन सांगितलं. कमिटीला हे पत्र वाचून कळेल.

तुमचा,
निळी टेपवाला