‘विक्रांत’च्या नाकाकडे आधी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

4 डिसेंबरचा नौदल दिन जवळ आला की 1971 च्या युद्धाच्या आठवणींना पाने मिळतात आणि त्यासोबत एक चूकही न चुकता छापून येते. मजकूर असतो विमानवाहू ‘विक्रांत’वरून झेपावलेल्या सी हॉक विमानांचा. शेजारी छायाचित्र असते ते मात्र पुढचे टोक वर उचललेल्या ‘विक्रांत’चे, आणि डेकवर उभी असतात सी हॅरियर. ते वर उचललेले टोक म्हणजे स्की जंप, 9.75 अंशांची. 1980 च्या दशकाच्या शेवटी ती बसवली गेली. 1971 ची ‘विक्रांत’ सपाट नाकाची होती. सी हॉक आणि सी हॅरियर यांच्यात ‘सी’ एवढाच सारखेपणा. एकाला जहाज हवेत फेकत असे, दुसरे स्वतःच्या इंजिनावर तरंगत असे.

चूक फोटोची असली तरी तिच्यामुळे एक मोठी गोष्ट वाचकापर्यंत पोचत नाही. दोन्ही विमाने एकाच तुकडीची होती. नौदलाची 300 क्रमांकाची ही स्क्वॉड्रन, ‘व्हाइट टायगर्स’. आज तिच्याकडे मिग-29के आहे. तिचा इतिहास विमानांच्या नावांची यादी म्हणून लिहिला जातो: आधी हॉक, मग हॅरियर, मग मिग. प्रत्यक्षात या तुकडीने साठ-पासष्ट वर्षांत डेकवरून उडण्या-उतरण्याच्या तीन वेगवेगळ्या पद्धती अंगवळणी पाडल्या, आणि प्रत्येक वेळी आधीची बरीचशी विद्या बाजूला ठेवावी लागली. त्या इतिहासाची किल्ली ‘डेकवरचा वारा’ या दोन शब्दांत आहे.

300 स्क्वॉड्रन उभी राहिली 7 जुलै 1960 रोजी, वेल्समधील ब्रॉडी येथे. ‘विक्रांत’ बेलफास्टला नौदलात दाखल झाली 4 मार्च 1961 रोजी. म्हणजे तुकडी जहाजापेक्षा आठ महिन्यांनी मोठी. 18 मे 1961 ला लेफ्टनंट राधाकृष्ण ताहिलियानी यांनी ‘विक्रांत’वर पहिले जेट उतरवले, 1984 ते 1987 या काळात तेच नौदलप्रमुख होते. भारतात आल्यावरही गोवा लगेच मिळाला नाही. ‘आयएनएस हंसा’ हा नौदलाचा हवाई तळ 1961 मध्ये सुरू झाला तो कोइमतूरजवळच्या सुलूरला. गोवा मुक्त झाल्यावर दाबोळी नौदलाकडे आली आणि 1964 मध्ये ‘हंसा’ तिथे हलली. ‘व्हाइट टायगर्स’चे घर तेव्हापासून दाबोळी.

आता सी हॉककडे नीट बघू. एक आसन, एक रोल्स-रॉइस नीन इंजिन, जोर सुमारे 5,200 पौंड. बहुतेक जेट विमानांचा धूर शेपटातून निघतो. याचा निघत नाही. इंजिनामागे नळी दोन भागांत फुटते आणि पंखांच्या मुळाशी, डाव्या-उजव्या बाजूला तिची तोंडे उघडतात. नळी आखूड राहिल्याने जोर कमी वाया जातो आणि शेपटाकडची जागा इंधनाच्या टाकीला मिळते. नाकात 20 मिलिमीटरच्या चार तोफा, पंखांखाली 500 पौंडी बॉम्ब किंवा रॉकेट. पंख घडी होणारे. त्याशिवाय लिफ्टमधून खाली हँगरमध्ये नेणे अवघड. दाबोळीजवळच्या बोगमाळो रस्त्यावरील नौदल विमान संग्रहालयात सी हॉक उभे आहे. तिथे मागे जाऊन शेपूट बघावे. धुराचे तोंड सापडणार नाही.

हे विमान उडायचे कसे? ते कॅटपल्टच्या, म्हणजे वाफेच्या जोराने विमान फेकणाऱ्या यंत्राच्या, डेकमधल्या फटीवर आणून उभे करायचे. पोटाखालच्या हुकांना पोलादी दोर लावायचा आणि तो फटीतून वर आलेल्या शटलला, म्हणजे वाफेने पुढे धावणाऱ्या खुंटीला, अडकवायचा. मागून विमान एका कड्याने डेकला बांधलेले असे. हे कडे मुद्दाम कमजोर केलेले, ठरलेल्या ओढीला तुटणारे. विमानाचे वजन बघून वाफेचा दाब लावायचा, वैमानिकाने इंजिन पूर्ण जोरात न्यायचे, इशारा झाला की वाफ सोडायची. कडे तुटते, शटल धावते आणि दोन-तीन सेकंदांत विमान डेकच्या टोकापलीकडे असते. दाब कमी लागला तर विमान पुरेशा वेगाविना पाण्यावर जाते आणि पुढे धावपट्टी उरलेली नसते. दाब जास्त लागला तर ताण पुढच्या चाकावर आणि सांगाड्यावर येतो. म्हणून विमानाचे नेमके वजन, इंधन आणि शस्त्रांसकट, आधी ठाऊक असावे लागे. शेवटच्या क्षणी एक बॉम्ब वाढवायचा तर दाबही बदलायला हवा.

पण कॅटपल्ट एकटे पुरत नाही. कॅटपल्टने दिलेला वेग, जहाजाचा वेग आणि समोरून येणारा वारा या तिघांची बेरीज विमानाला हवी तितकी भरली पाहिजे. म्हणूनच विमाने उडवताना आणि उतरवताना जहाज वाऱ्यात तोंड घालून सरळ रेषेत पळते. पाणबुडीला याहून सोयीचे लक्ष्य नाही, आणि सोबतची लढाऊ जहाजे तेव्हा विनाकारण घिरट्या घालत नसतात.

1971 मध्ये ही बेरीजच बिघडली होती. जून 1970 मध्ये ‘विक्रांत’च्या बॉयलरांच्या पाण्याच्या ड्रममध्ये भेगा सापडल्या, वेल्डिंगने न बुजणाऱ्या. नवे ड्रम इथे मिळत नव्हते, ब्रिटनकडे मागवावे लागले. मुंबईत जहाज महिनोन्महिने थंड पडून राहिले. मार्च 1971 मध्ये कमी दाबावर बॉयलर पेटवून चाचण्या झाल्या आणि मर्यादा ठरली: दाब 400 पौंड प्रति चौरस इंच, जहाजाचा पाण्यातला पंखा मिनिटाला 120 फेरे, वेग सुमारे 14 नॉट. मूळ वेग 24 नॉटच्या आसपास. म्हणजे बेरजेतून जवळजवळ 10 नॉट, ताशी 18 किलोमीटर, गेले. शिवाय पंखा फिरवणारी आणि कॅटपल्ट हाणणारी वाफ एकाच बॉयलरची. त्यात डिसेंबरात बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाला वारा बहुधा मंद असतो. तिन्ही संख्या एकदमच घसरलेल्या.

‘तडा गेलेल्या बॉयलरनिशी लढली’ हे वाक्य सगळे लेख लिहितात. त्याचा अर्थ हा असा होता. वेग कमी मिळाला की शस्त्रे किंवा इंधन कमी करावे लागते, नाहीतर वाऱ्याची वाट बघावी लागते. आणि कॅटपल्ट एकच. आठ विमाने उडवायची तर एकामागून एक, आणि पहिले विमान आठव्याची वाट बघत वरच इंधन जाळत घिरट्या घालणार. अशा स्थितीत 4 डिसेंबरला सकाळी आठ सी हॉक सुमारे 60 सागरी मैलांवरून पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर गेले आणि संध्याकाळी चितगाव बंदरावर. पुढच्या दिवसांत खुलना आणि मोंगला. स्क्वॉड्रनचे प्रमुख होते लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता. त्यांना महावीर चक्र मिळाले. जहाजाचे कप्तान होते स्वराज प्रकाश. नौदल दिन कराचीवरच्या क्षेपणास्त्र बोटींच्या हल्ल्यामुळे 4 डिसेंबरला असतो आणि ते योग्यच आहे. पण त्याच तारखेला दुसऱ्या समुद्रात हेही झाले होते, एवढी एक ओळ तरी त्या पानावर बसायला हरकत नाही.

सी हॉक 1983 मध्ये निवृत्त झाले आणि त्याच वर्षी 16 डिसेंबरला पहिली तीन सी हॅरियर दाबोळीला उतरली. तेव्हा तुकडी अरुण प्रकाश यांच्याकडे होती. हे पुढे नौदलप्रमुख झालेच, शिवाय 1971 मध्ये हवाई दलाच्या 20 व्या स्क्वॉड्रनमधून हंटर उडवून त्यांनी वीर चक्र मिळवले होते. नौदलाचा माणूस, पदक हवाई दलाच्या विमानावरचे. अशा गोष्टी कोणी छापत नाही.

हॅरियरने कॅटपल्ट, दोर, शेपटाचा हूक आणि त्यात अडकून उतरते विमान थांबवणारी डेकवरची तार, सगळेच रजेवर पाठवले. त्याच्या पेगासस इंजिनाला झोत बाहेर फेकणारी चार फिरती तोंडे, म्हणजे नोझल, दोन पुढे, दोन मागे. वैमानिकाच्या डाव्या हाताशी इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटलच्या शेजारी एक वेगळी दांडी, जिने ही नोझल मागून खाली फिरतात. जहाजाच्या डाव्या बाजूने यायचे, जहाजाच्या वेगाने शेजारी तरंगायचे, आडवे सरकून डेकवर यायचे आणि खाली बसायचे. तरंगताना पंख काम करत नाहीत, म्हणून नाक, शेपूट आणि पंखांची टोके इथल्या छोट्या झडपांतून इंजिनाचीच दाबलेली हवा सोडून तोल सांभाळायचा.

इथे वाऱ्याची जागा उन्हाने घेतली. हवा तापली की इंजिनाचा जोर घटतो, आणि तरंगायला तर जोर वजनाहून जास्त हवा. उत्तर अटलांटिकच्या थंडीत जे वजन घेऊन हे विमान बसते, ते अरबी समुद्रात मे महिन्यात बसेलच असे नाही. त्यासाठी इंजिनात खनिजमुक्त पाणी फवारण्याची सोय आहे. टाकी साधारण सव्वादोनशे लिटरची, दीडेक मिनिट पुरणारी. दीड मिनिटात उतरला नाहीत तर जोर कमी होतो. म्हणून परतताना जादा इंधन टाकून द्यायचे, आणि वेळ अशी साधायची की डेक रिकामा असेल. डेकवर एखादे विमान अडले तर तरंगत वाट बघणे शक्य नसते.

तंत्रज्ञांचे हाल वेगळेच. पेगासस बाहेर काढायचे तर आधी अख्खा पंख उचलून बाजूला ठेवावा लागतो, कारण इंजिन त्याच्याखाली बसवलेले. जमिनीवर हे क्रेनचे काम. डुलणाऱ्या जहाजाच्या हँगरमध्ये ते किती नाजूक होते ते ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक. खाऱ्या हवेला मॅग्नेशियम मानवत नाही, म्हणून समुद्रावरच्या पेगाससमध्ये मॅग्नेशियमचे भाग बदलून अॅल्युमिनियमचे केले होते. तरी गोड्या पाण्याने धुणे सुटले नाही.

मग स्की जंप कशाला, विमान सरळ वर उठते ना? उठते, पण वजन घेऊन नाही. थोडे धावून उतारावरून वर फेकले गेले की पंखांना पुरेसा वेग येण्याआधी हाती काही सेकंद येतात आणि तेवढ्यात वेग भरून काढता येतो. ही कल्पना ब्रिटिश नौदलातील डग्लस टेलर या अधिकाऱ्याची. ‘विराट’ या आपल्या दुसऱ्या विमानवाहू जहाजावर, म्हणजे ब्रिटिशांच्या जुन्या ‘हर्मिस’वर, हा उतार 12 अंशांचा होता. सी हॅरियरनी तिथून 2016 पर्यंत काम केले. सुमारे 30 घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत गेली, हेही लिहायलाच हवे.

11 मे 2016 ला ‘हंसा’वर सी हॅरियरला निरोप दिला गेला आणि 300 स्क्वॉड्रनकडे मिग-29के आले. उडताना स्की जंप, उतरताना पुन्हा तार आणि हूक. ‘विक्रमादित्य’ या विमानवाहू जहाजावर उतार 14.3 अंशांचा आहे. विमान डेकवर वर आलेल्या ठोकळ्यांना चाके टेकवून उभे राहते, दोन्ही इंजिने आफ्टरबर्नरवर, म्हणजे जादा इंधन जाळून मिळणाऱ्या जोरावर, जातात, ठोकळे खाली बसतात आणि विमान सुटते. मागून ढकलणारे कोणी नाही, म्हणून वारा कमी तर वजन कमी. 1971 ची बेरीज, एक आकडा वगळून, परत आली. उतरताना तारा तीन, आणि चाके टेकताच थ्रॉटल पुढे, कारण तार चुकली तर पुन्हा उडावे लागते. आपटण्याचा हिशेब मोठा आहे. 2016 च्या कॅगच्या अहवालात 65 पैकी 40 इंजिने रचनेतील दोषांमुळे सेवेतून काढल्याचे आणि एका आसनाच्या मिग-29केची उपलब्धता 15.93 ते 37.63 टक्क्यांच्या दरम्यान असल्याचे नोंदले आहे. हॅरियरच्या वेळी त्रास उन्हाचा होता, इथे धक्क्याचा.

आपल्या छायाचित्र विभागासाठी आता थोडी मदत. जहाजाचे टोक सपाट असेल आणि डेकवर पंख दुमडलेली सरळ पंखांची छोटी जेट असतील तर जुनी ‘विक्रांत’, साधारण 1983 पूर्वीची. टोक किंचित उचललेले असेल तर तीच ‘विक्रांत’, पण शेवटच्या काही वर्षांतली. 31 जानेवारी 1997 ला ती निवृत्त झाली आणि 2014 मध्ये मुंबईच्या दारुखान्यात तोडायला गेली. टोक चांगलेच उंच आणि डेकवर हॅरियर, तर बहुधा ‘विराट’. दोन शेपट्यांची मोठी जेट दिसली तर ‘विक्रमादित्य’ किंवा 2 सप्टेंबर 2022 ला कोचीला दाखल झालेली नवी ‘विक्रांत’. नव्या ‘विक्रांत’चे छायाचित्र 1971 च्या मजकुराला लावलेलेही पाहण्यात आले आहे. नाव एकच असल्याने शोधयंत्र फसते, संपादकाने फसू नये.

एप्रिल 2025 मध्ये नौदलासाठी 26 राफेल-एम विमानांचा करार झाला, 22 एका आसनाची आणि 4 दोन आसनांची. त्याच्या बातम्यांत किंमत आली, क्षेपणास्त्रे आली. हे विमान कॅटपल्टसाठी घडवलेले आहे आणि आपल्या जहाजांवर ते उताराने उडणार आहे, हे क्वचितच आले. जानेवारी 2022 मध्ये ‘हंसा’वरच्या किनारी चाचणी केंद्रातील उतारावरून ते उडवून दाखवले गेले, ते याचसाठी. आणखी एक: मिग-29केचे पंख दुमडले की रुंदी सुमारे 12 मीटरवरून 7.8 मीटरवर येते. राफेलचे पंख दुमडतच नाहीत, आणि ‘विक्रांत’च्या लिफ्टची मापे मिगवरून घेतलेली. पुढच्या वेळी राफेलची चौकट छापाल तेव्हा पहिल्या दोन ओळी लिफ्टला द्या.

आपला,
नौदल विमानांचा एक अभ्यासक,
वास्को