कूलर बंद करून ऐकणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर सकाळी फिरताना आपली रोज भेट होते. आभाराचा विषय काढला की तुम्ही "सोडा हो, काय मोठं केलं" म्हणता आणि पुढे चालू लागता. म्हणून हे उघड पत्र. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते चालणार नाही हे ठाऊक आहे.

माझी लेक हॅम्बर्गला एकटी राहते. तिथल्या लांब, काळोख्या हिवाळ्यात तिला आधार होता तो घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा. तिथल्याच हौशी लोकांनी टाकीत वाढवलेल्या प्रवाळांचे बोटभर तुकडे आणून तिने ते मोठे केले होते. मे महिन्यात त्यातलं सगळ्यात मोठं अक्रोपोराचं (फांद्या फुटणाऱ्या कठीण प्रवाळाचं) झाड बुडापासून पांढरं पडू लागलं. रोज थोडं वर, रोज थोडं वर. फोनवर ती रडायची आणि मला काही कळायचं नाही. नागपुरात विचारायचं तरी कोणाला? समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. शिवाय आपल्याकडे हे कठीण प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, घरी ठेवताच येत नाहीत आणि तेच योग्य आहे. त्यामुळे असली टाकी सांभाळलेला माणूस इथे भेटणं कठीणच. तुम्ही आखातातल्या मत्स्यालयात इतकी वर्षं काढलीत, हे मला तुमच्याशी चालता चालता, असंच बोलण्यातून कळलं होतं.

तुमच्याकडे येण्याआधी काय काय ऐकलं ते लिहितोच, कारण ते अजून आत सलतं. तिकडच्या एका दुकानदाराने फोटो धड न बघताच सांगितलं की हे ब्लीचिंग आहे, म्हणजे प्रवाळाचा रंग उडतोय, दिवा कमी कर. वर दोन बाटल्याही विकल्या. पैसे घेऊन सल्ला देणाऱ्या एकाने तिचं बोलणं निम्म्यात तोडून सरळ अँटिबायोटिक टाकायला सांगितलं. पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे प्रवाळाला सांगाडा बांधायला लागणाऱ्या क्षारांचं प्रमाण, कमी निघाल्यावर आणखी एकाने ती एका रात्रीत वर न्यायला लावली. आणि आपले लोक? घरच्या एका समारंभात माझ्या देखत एकजण म्हणाले, "पोरगी दगडासाठी रडते म्हणे." बाकीचे हसले. त्या हसण्याचा राग मला आजही येतो.

तुमच्याकडे आलो त्या रात्री नवतपा, मे अखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता. लेक कामावरून घरी पोचली तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजले होते आणि तरीही भिंतींना हात लावता येत नव्हता. व्हिडिओ कॉल लागला. ती बोलू लागली आणि मध्येच म्हणाली, "काका, मागे कसला तरी आवाज येतोय, तुमचं नीट ऐकू येत नाहीये." तुम्ही उठलात, कूलर बंद केलात आणि येऊन बसलात. एवढंच. "गरम होतंय" म्हणाला नाहीत, लवकर आटप म्हणाला नाहीत. गळ्यातल्या दुपट्ट्याने मान पुसत तास उलटून गेला तरी तिचं ऐकत राहिलात. वहिनींनी माठातलं पाणी आणून ठेवलं, त्याही त्याच उकाड्यात बसून राहिल्या.

नवतप्यात कूलर बंद करणं म्हणजे काय, हे नागपूरकराला सांगायला नको. लेकीला त्यातलं काहीच दिसलं नाही. मी दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. औषधं पुष्कळांनी सांगितली होती सर. आपला आवाज नीट पोचावा म्हणून कोणी स्वतः उकाड्यात बसलं, हे तिच्या वाट्याला पहिल्यांदा आलं.

तिने माफी मागितली होती, आठवतं? "काका, तुमचा वेळ घेतेय, शेवटी दगडच तर आहेत." तुम्ही म्हणालात, "दगड कोण म्हणते? जीव आहे तो. काहून रडून राहिली तू? कॅमेरा जवळ ने, आपण पाहू."

मग तुम्ही असा प्रश्न विचारलात जो आधी कोणीच विचारला नव्हता: पांढऱ्या भागावर कातडी आहे की नुसता सांगाडा आहे? ब्लीचिंगमध्ये प्रवाळाच्या आत राहून उजेडावर त्याला अन्न पुरवणारं शेवाळ निघून जातं, रंग जातो. पण पारदर्शक कातडी आणि बारीक तोंडं जागेवर असतात. तो उपाशी असतो, पण जिवंत असतो. इथे मात्र कातडीच सुटली होती आणि खाली उघडा चुनखडीचा सांगाडा होता. म्हणजे रोगाचं नावच चुकलं होतं. दिवा कमी करून आधीच थकलेल्या जिवाचं अन्न तोडलं गेलं होतं.

मला सगळ्यात भावली ती तुमची वही. पडद्यावर बघून तुम्ही ते झाड पेन्सिलने काढलंत आणि पांढऱ्या कडेवर रेघ मारून तारीख टाकलीत. पुढच्या कॉलला रेघ कुठे आली ते बघायचं. एका रात्रीत सगळं झाड सोलून निघतं तो प्रकार वेगळा, आठवडे घेत वर चढतो तो वेगळा, हे तुम्ही तिला न घाबरवता समजावलंत. अक्रोपोरा खाणारे चपटे कृमी त्याच रंगाचे असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून फांद्यांवर पिचकारीने पाणी मारून पाहायला लावलंत. बुडाशी अंडी आहेत का, चावल्याचे गोल डाग आहेत का, तेही. काही निघालं नाही. मग अल्कलिनिटी सकाळ-संध्याकाळ मोजायला सांगितलीत आणि तिथे धागा सापडला. टाकीत क्षारांचा डोस देणाऱ्या पंपाची नळी झिजली होती, रोज थोडं थोडं कमी पडत होतं, आणि आकडा 6 डीकेएचच्याही (हे अल्कलिनिटी मोजायचं एकक) खाली गेला होता. तिथून त्या सल्ल्याप्रमाणे एका रात्रीत 10. खुद्द समुद्रात तो 7 च्या आसपास असतो आणि फारसा हलत नाही. कमी-जास्तापेक्षा हा झटका वाईट, दिवसाला एका अंकाहून जास्त चढवायचं नाही, असं तुम्ही तिला बजावलंत. तोवर तिला वाटत होतं की आपल्याला हे जमतच नाही. त्या रात्री ती शांत झोपली, असं तिने नंतर सांगितलं.

सगळं वाचेल असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, याबद्दलही आभार. मोठं झाड गेलंच. पण पांढऱ्या कडेपासून अंतर ठेवून, निरोगी भागातून कापून घेतलेल्या फांद्या तगल्या आहेत. त्यांची कातडी आता खालच्या चकतीवर पसरू लागली आहे आणि टोकांना निळसर रंग आला आहे.

आपल्या शहरात उन्हाळ्यात लोक दारासमोर पाणपोई लावतात, आणि पाणी पिणाऱ्याला कोणी तू कुठला म्हणून विचारत नाही. तुमची मदत मला तशीच वाटली. ज्ञान असलेली माणसं मी नोकरीत खूप पाहिली. समोरच्याला लहान न करता ते देणारी फार थोडी भेटली. माझ्या लेकीला परक्या देशात आपल्या बोलीत कोणीतरी धीर दिला, याचं मोल बाप म्हणून मला कुठल्याच हिशेबात बसवता येत नाही.

डिसेंबरमध्ये ती येते आहे. तुम्ही आणि वहिनींनी एका रविवारी जेवायला यायचं आहे. गोळाभात आणि कढी करू, संत्री आमच्या भावाच्या बागेतली असतील. तिला तुमच्या वहीतलं ते पान हवं आहे. द्यायचं नसेल तर निदान त्याचा फोटो काढू द्या.

तुमचा,
सकाळच्या फेरीतला सोबती आणि एका लेकीचा बाप